टोकनावर दात कोणाचा?

१

"चोरी झालीय," पाळणेवाला दारातच म्हणाला, "आणि चोरीला गेलेली वस्तू जागच्या जागी आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. दातांचा दवाखाना बंद करून त्यांना बराच काळ लोटला होता, पण समोर माणूस आला की आधी त्याच्या तोंडात डोकवायची खोड गेली नव्हती. निम्म्या वस्तीला त्या नावाने नव्हे, दाढेने ओळखत. असं सांगतात की एकदा बँकेच्या रांगेत त्यांच्या पाठीमागे कोणी जांभई दिली, तर बाई मान न वळवता म्हणाल्या, "वरची उजवी दाढ दाखवून जा हो एकदा." पाठीमागची जांभई दिसली कशी, हे विचारायचं नसतं. गोष्ट ऐकणाऱ्याने थोडं सोडून द्यावं, सांगणाऱ्याने थोडं घालावं, म्हणजे हिशेब चुकता होतो.

"आत या आधी," बाई म्हणाल्या. "आणि नीट सांगा."

पाळणेवाला खुर्चीच्या अगदी कडेला बसला. सारी उमर त्याने करमणूक बागेतल्या आकाशपाळण्याचा दांडा ओढला होता. बाग उठली, पाळणा भंगारात गेला, आणि ह्या गृहस्थाला टोकनांचं वेड लागलं. फिरत्या घोड्यांची, धक्क्याच्या मोटारींची, नेमबाजीच्या दुकानांची, व्हिडिओ गेमच्या अंधाऱ्या खोल्यांची टोकनं; पितळी, प्लास्टिकची, मधोमध भोक पाडलेली, एक तर चक्क चौकोनी. सगळी मखमलीच्या तबकांत मांडलेली. जिथली टोकनं तिथला खेळ केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे तबक उघडलं की मनुष्य उगीच गप्प होई. दर रविवारी चार टाळकी त्याच्या घरी जमून भिंगातून ती न्याहाळत. त्याला टोकनमंडळ म्हणत. बाई त्या मंडळात होत्या. त्यांच्याकडे स्वतःची टोकनं अशी फारशी नव्हती. तरी त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता, आणि का, हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"कुठलं टोकन?" बाईंनी विचारलं, पण त्यांना ठाऊक होतं.

"तिचं."

२

तिच्या टोकनाची कथा मंडळाला तोंडपाठ होती.

त्या पाळण्याची रीतच उफराटी होती. इतर ठिकाणी टोकन देऊन बसायचं. इथे आधी फेरी मारायची, मग उतरताना टोकन द्यायचं. मालकाचं म्हणणं, वर जाऊन घाबरलेला माणूस खाली आला की आनंदाने हात सैल सोडतो. तर एकदा वीज गेली आणि एक मुलगी अगदी वरच्या पाळण्यात अडकली. खाली तिचा भाऊ तिच्या चपला पोटाशी धरून रडायच्या बेतात. वर ती, मुठीत टोकन. ओरडायची लाज वाटली म्हणून तिने ते टोकन दातांत धरलं आणि घट्ट दाबलं. कथलाचं मऊ टोकन ते. खाली उतरल्यावर तिने ते दांडेवाल्याच्या हातावर ठेवलं. "घ्या तुमचं टोकन. चव बरी नाही."

त्यावर समोरच्या दोन दातांची खूण उमटली होती, एकावर एक किंचित चढलेल्या. दांडेवाल्याने ते पेटीत टाकलं नाही, खिशात टाकलं. पुढे लग्न, मुलगी, संसार. आता ती नव्हती. रोज सकाळी चूळ भरण्याआधी पाळणेवाला ते टोकन घेऊन त्या खुणेवरून अंगठा फिरवायचा. मग त्याचा दिवस सुरू व्हायचा. ते तबक रविवारी मात्र तो मंडळापुढे उघडत नसे.

"हल्ली अंगठ्याला काही लागतच नव्हतं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, वयाने शिरा बधिर होतात. गोळ्या दिल्या. आज सकाळी एकदम लागलं. पण बाई, ते टोचलं. हा तिचा दात नाही. कोणीतरी बदललंय ते."

"घरी काय म्हणतात?"

"मेव्हणा म्हणतो, भास आहे. पोर काहीच म्हणत नाही. नुसती माझे कपडे बॅगेत भरते. मला तिच्याकडे न्यायला आलीय ना ती." त्याने हात चोळले. "बाई, तुम्ही बघा आणि ठरवा. मला भास होत असतील तर मी मुकाट्याने जाईन. ज्याला बायकोचा दात ओळखता येत नाही त्याने एकट्याने राहू नये. आपल्या मंडळातला लिलाववाला तबकं घेऊन जाईल. संपलं मग मंडळ."

बाईंनी कपाटातून तोंड तपासायचा लहान आरसा काढला. स्वच्छ होता तरी तो त्यांनी दोनदा पुसला. बाई असल्या गोष्टींची दखल घेत नसत.

३

पाळणेवाल्याच्या बैठकीत सगळे हजर होते. मेव्हणा म्हणजे तोच चपला धरून उभा राहिलेला भाऊ, आता पोट सुटलेला आणि पुढचा एक दात पडलेला. लिलाववाला नेहमीसारखा कडक कॉलरीत. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी.

बाईंनी टोकन खिडकीपाशी नेलं. एका बाजूला पाळण्याचं चक्र, दुसऱ्या बाजूला 'एक फेरी' ही अक्षरं, त्यातलं शेवटचं 'री' झिजून गेलेलं. खूण चक्राच्या बाजूला. सारं टोकन जुन्या भांड्याच्या बुडासारखं काळवंडलेलं. फक्त खुणेचा तळ लखलखीत.

"पाळणेवाले," बाई म्हणाल्या, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे. ही खूण ताजी आहे."

मेव्हण्याचा कप बशीवर वाजला. लिलाववाला पुढे सरसावला.

"म्हणजे नकली? मी बघू?"

"हात मागे घ्या. आणि हा कोपरा पाहिलात?" बाईंनी भिंग धरलं. "एका दाताचा कोपरा काटकोनात आहे. देवाच्या कारखान्यात असा कोपरा निघत नाही. हा कानशीने काढलेला आहे. कोणीतरी हत्यार वापरलंय."

"मग खरं टोकन?" पाळणेवाल्याने हळूच विचारलं. "ते कुठे आहे?"

स्वयंपाकघराच्या दारात आता कोणी उभं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी बाई पिशवीभर सफरचंदं घेऊन निघाल्या. पोलीस जबानी घेतात, बाई घास घेत. जिभेने माणूस खोटं बोलतो, दाताने नाही, असं त्यांचं शास्त्र होतं.

लिलाववाला दुकानात जुन्या घड्याळांना चावी देत होता.

"घ्या, सफरचंद खा," बाई म्हणाल्या.

"आधी आरोप करा, मग फळं द्या."

"त्या टोकनावर तुमचा दात होता की नाही?"

"होता. उघड होता. चार लोकांत सांगितलंय मी, असलं टोकन दुसरं नाही." त्याने कडक कॉलर सैल केली. "पण बाई, तुम्हीच सांगा, दात असायला तोंडात दात नकोत का?"

त्याने खिशातून चाकू काढला आणि सफरचंदाच्या पातळ फोडी केल्या. बाईंना हसू आलं. त्याची संपूर्ण कवळी त्यांनीच बनवली होती. तिने कथील चावायला घेतलं असतं तर टोकन तसंच राहिलं असतं आणि कवळीचे दोन तुकडे झाले असते.

"कानस आहे तुमच्याकडे?"

"आहे ना. पण मी जुन्या वस्तूला फडकंसुद्धा लावत नाही. जो डाग पुसतो तो गिऱ्हाईक पुसतो." मग जरा थांबून म्हणाला, "मला ते विकायला नको होतं, बाई. मला कोणी चावून काही दिलेलं नाही आजवर, एवढंच."

मेव्हणा घराच्या ओट्यावर सापडला. त्याने सफरचंद तोंडाच्या कडेने फोडलं, कारण पुढे खिंडार होतं.

"मी कशाला बदलू?" तो म्हणाला. "बहीण माझी, चपला मी धरल्या, आणि टोकन मिळालं भाऊजींना. राग होता मला. पण मी ते मागितलं असतं, चोरलं नसतं. मागितलंही नाही कधी, कारण भाऊजींनी दिलं असतं." त्याने बी थुंकली. "आणि पंचाईत झाली असती. सकाळी उठून ते काय करणार होते मग?"

"भास आहे असं का म्हणालात?"

"पोरीसाठी. भास ठरला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. त्या सकाळी ती कशी बसली होती, पाहिलं नाहीत तुम्ही. गाल धरून."

बाईंच्या हातातली पिशवी खाली आली.

"गाल धरून?"

५

पण बाई लगेच मुलीकडे गेल्या नाहीत. आधी त्या पाळणेवाल्यासमोर बसल्या. आपल्या डोक्याचा एक पांढरा केस उपटून त्यांनी वर्तमानपत्राच्या पानाखाली ठेवला.

"डोळे मिटा. अंगठा फिरवा. केस कुठे आहे सांगा."

"बाई, अंगठा बधिर आहे म्हणतात ना."

"फिरवा."

अंगठा कागदावरून सावकाश गेला, थांबला, परत आला. "इथे. वाकडा पडलाय. टोकाशी वळलाय."

बाईंनी दोन पानं ठेवली. तरी सापडला. तीन ठेवली. तरीही. चौथ्या पानाखालीही सापडला असं बाई पुढे सांगत; आपण तीन धरू.

मग त्यांनी टोकन त्याच्या बोटांत दिलं. "नेहमीसारखं धरा."

त्याने धरलं. अंगठा चक्रावर, तर्जनी मागच्या अक्षरांवर, नेमकी 'री' असायला हवी तिथे. आणि बाईंनी पाहिलं, अंगठा टोकनावर टेकला नव्हता, टोकनात बसला होता. जुन्या चपलेत पाऊल बसतं तसा. कथलाला त्याच्या अंगठ्याएवढी खोलगट जागा पडली होती.

अशी खोलगट जागा कोणी नकली बनवून आणू शकत नाही. ती बनवायला एका माणसाच्या सगळ्या सकाळी लागतात.

टोकन बदललेलंच नव्हतं.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. अंगठा ठणठणीत होता. तरी कालपरवापर्यंत त्याला खूण लागत नव्हती. म्हणजे बधिर अंगठा नव्हता. म्हणजे लागण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं.

"काय झालं बाई?" पाळणेवाल्याने विचारलं. "तुमचा चेहरा असा का झाला?"

"पाणी आणते," म्हणून बाई उठल्या.

६

स्वयंपाकघरात मुलगी भांडी विसळत होती. बाईंनी माठातलं गार पाणी पेल्यात ओतून तिच्यापुढे धरलं.

"पी."

"तहान नाही, डॉक्टरकाकू."

"एक घोट."

तिने घोट घेतला आणि डोळे गच्च मिटले. हात आपोआप गालाशी गेला.

"तोंड उघड," बाई म्हणाल्या.

लहानपणी उघडायची तसंच तिने तोंड उघडलं. बाईंनी आरसा आत धरला. पुढचे दोन दात, एकावर एक किंचित चढलेले, हुबेहूब आईचे. फक्त एकाचा कोपरा काटकोनात. शाळकरी असताना ही पोर फिरत्या घोड्यावरून पडली होती, कोपरा तुटला होता, आणि तो बाईंनी स्वतः भरून कानशीने घासून दिला होता. हातून जरा जास्तच सरळ झाला होता. त्या कोपऱ्याला आता बारीक तडा गेला होता.

कानस होतीच. ती बाईंची होती.

"सांग," त्या म्हणाल्या.

"आल्या दिवशी मखमल झटकायला तबक काढलं," मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. "टोकन बघितलं तर सपाट. आईची खूण नाहीच. बाबा मला सांगत होते, अंगठा मेला बघ माझा, गोळ्या लागू पडत नाहीत. काकू, अंगठा नव्हता मेला. त्यांनी फिरवून फिरवून ती पुसून टाकली होती. डोळ्यांनी ते कधी बघतच नाहीत ना, डोळे मिटूनच धरतात. पण कधीतरी बघितलं असतं."

"म्हणून चावलंस."

"सगळे म्हणतात ना, दात आईचे घेतलेस. म्हटलं, कधी नव्हे ते उपयोगाला तरी येतील." ती हसायला गेली, जमलं नाही. "मला वाटलं त्यांना आवडेल. आणि ते चोरी चोरी करत तुमच्याकडे धावले."

"मग कबूल का नाही केलंस?"

"कबूल केलं तर का चावलं तेही सांगावं लागेल." तिने बाईंचं मनगट धरलं. "काकू, मी चोरलं म्हणून सांगा. खरं टोकन मी घालवलं म्हणा, ट्रेनमध्ये पडलं म्हणा. रागावतील, बोलणार नाहीत माझ्याशी, चालेल. पण त्यांनीच आईला पुसलं, हे नका सांगू."

बाहेरून पाळणेवाल्याचा आवाज आला.

"पाणी विहिरीतून आणताय का बाई?"

७

बाई पेला घेऊन बाहेर आल्या. मागून मुलगी आली. बाईंनी आयुष्यात पुष्कळांना सांगितलं होतं, जराही दुखणार नाही. त्यांना खोटं बोलायची सवय होती. आजही त्यांनी तोंड उघडलं.

पण पाळणेवाला टोकनाकडे बघत होता. उघड्या डोळ्यांनी.

"बाई, अंगठा चांगला आहे ना माझा?"

"ठणठणीत आहे."

"केस लागतो, तर दात का नव्हता लागत?" त्याने अंगठा खोलगट जागेत बसवला, काढला, पुन्हा बसवला. मग अंगठ्याकडेच बघितलं, एखाद्या घरच्या माणसाकडे बघावं तसं. "म्हणजे चोर सापडला."

"बाबा, मी..."

"गप्प बस. तुझा गाल सुजलाय ते मला दिसतंय. चोर शोधायच्या नादात होतो म्हणून दिसलं नव्हतं." त्याने टोकन उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाला, "सगळी नेली मी तिची खूण. रोज थोडी थोडी. आणि मला वाटायचं, जपतोय."

मुलगी त्याच्या पायाशी बसली. त्याने तिच्या हातात टोकन ठेवून तिची मूठ मिटली.

"हे तू घेऊन जा. माझ्याजवळ राहिलं तर तुझाही दात घालवीन."

"आणि तुम्ही? बॅग भरलीय मी."

"बॅगेतले कपडे काढ. मला भास होत नाहीत, असं ह्या बाईंनी ठरवलंय. वेड लागलं की कळवीन तुला."

"कळवाल?"

"वेडा असलो तर नाही कळवणार. मग बाई कळवतील."

बाई घरी गेल्या आणि रुमालात काहीतरी गुंडाळून परत आल्या. दवाखाना बंद करताना त्यांनी लोकांच्या दातांचे सगळे साचे फेकून दिले होते, एक सोडून. पाळणेवाल्याच्या बायकोच्या दातावर टोपी बसवायची होती. माप घेतलं, साचा झाला, आणि ती पुन्हा खुर्चीत बसायला आलीच नाही. पांढऱ्या प्लास्टरचा तो वरचा जबडा त्यांनी टेबलावर ठेवला. पुढचे दोन दात, एकावर एक किंचित चढलेले. कोपरे गोल.

"अगं बाई," मुलगी पुटपुटली. "हसतेय."

पाळणेवाल्याचा अंगठा पुढे झाला. दातापासून केसाएवढ्या अंतरावर थांबला. मग त्याने हात मागे घेतला आणि खिशात घातला, पोरांना दुकानात घालायला लावतात तसा.

"नको," तो म्हणाला. "मी हेही घासून टाकीन. तुमच्याकडेच राहू दे. मी बघायला येत जाईन."

"रविवारी?" बाईंनी विचारलं.

"रविवारी तुम्ही इकडे येता. मी मधल्या एखाद्या दिवशी येईन." त्याने तबकातून दुसरं टोकन उचललं, त्याच पाळण्याचं, कोरं, 'एक फेरी' मधलं 'री' शाबूत असलेलं. "आणि ही तुमची फी. नाही म्हणू नका, तुम्ही कधीच काही घेत नाही."

मुलगी गेली. तबकं राहिली. लिलाववाला म्हणे दोन रविवार गप्प होता, आणि मेव्हण्याने तो भास असल्याचं आपण कधी म्हणालोच नव्हतो असं शपथेवर सांगितलं.

चोर सापडला त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी साचा फडताळात ठेवला, पाहुण्याच्या खुर्चीतून दिसेल असा. मग कोरं टोकन हातात घेतलं. घरात कोणी नव्हतं, तरी त्यांनी एकदा मागे वळून बघितलं. टोकन पुढच्या दातांत धरलं. कथील गार लागलं, आणि ती म्हणाली होती ते खरं होतं, चव बरी नव्हती.

त्यांनी दात दाबले नाहीत. टोकन काढलं, पदराला पुसलं आणि साच्यापासून जरा दूर ठेवलं. त्या पाळण्याची रीतच तशी होती, टोकन उतरताना द्यायचं.

मग त्या उठल्या आणि दाराची कडी काढून ठेवली. उद्या सोमवार होता, रविवार नव्हता.